मजुराचा नकार



अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मजूर आणि मालक यांची गाठ फार सरळपणे पडते. एकजण श्रम विकतो, दुसरा विकत घेतो, दर ठरतो. व्यवहार राजीखुशीचा आहे हे गृहीतच असते. आज मला त्या राजीखुशीबद्दल बोलायचे आहे. मजूर ‘येतो’ म्हणतो तेव्हा त्याला ‘येत नाही’ म्हणता आले असते का? ते म्हटले असते तर संध्याकाळी त्याच्या घरात काय शिजले असते? बाजार, व्यक्तीची निवड आणि सरकारी धोरण या तीन गोष्टी अर्थशास्त्रात वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवल्या जातात. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेत मात्र त्या एकाच मस्टरवर येतात, म्हणून मी हा विषय निवडला.

१९७० ते १९७३ या काळात राज्याच्या मोठ्या भागात पावसाने लागोपाठ दगा दिला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, आणि सर्वांत जास्त आठवणीत राहिलेली खडी. त्या पिढीची माणसे अजूनही बहात्तरच्या दुष्काळाबद्दल बोलताना खडी, सुकडी आणि लाल मिलो यांचीच नावे घेतात. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी पुढे या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. धान्याचे उत्पादन इतके कोसळले होते की मोठ्या प्रमाणावर भूकबळी जायला हवे होते. तसे झाले नाही. सरकारी कामांवर मजुरी मिळाली, मजुरीमुळे हातात पैसा आला, आणि पैसा आला तिकडे, निर्बंध डावलूनसुद्धा, व्यापाऱ्यांचे धान्य वळले. उपाशी माणसाला बाजारात किंमत नव्हती; मजुरी हातात पडल्यावर तोच गिऱ्हाईक झाला. सरकार आणि बाजार हे एकमेकांचे शत्रू आहेत असे मानणाऱ्यांनी, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, त्या उन्हाळ्याचा अभ्यास जरूर करावा.

दुष्काळात काम काढण्याची कल्पना अर्थात जुनीच. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात ब्रिटिश सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरे, असे ठरवले. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाचे एवढ्यावर भागत नाही, हे पुण्याची सार्वजनिक सभा त्या वेळी कळकळीने मांडत होती. टेंपल यांच्या हिशेबामागे एक विचार होता: मदत इतकी कष्टाची आणि इतकी तुटपुंजी ठेवायची की अगदी गळ्याशी आल्याशिवाय कोणी ती मागू नये. हा विचार लक्षात ठेवा. तो मेलेला नाही आणि पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

वि. स. पागे यांचे मोठेपण असे, की त्यांनी कामाची साखळी दुष्काळापासून सोडवली. पागे विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याच्या त्यांच्या कल्पनेचा प्रयोग झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने १९७२ मध्ये ती राज्यभर नेण्याचे ठरवले, पण दुष्काळ चालू असल्याने दुष्काळी कामांनीच जागा व्यापली. १९७७ मध्ये कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. दुष्काळी काम सरकारला वाटते तेव्हा उघडते. हमीचे काम मजुराने मागितले की उघडावे लागते. अर्ज केल्यापासून १५ दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. काम शक्यतो घरापासून पाच किलोमीटरच्या आत. कामावर पिण्याचे पाणी, सावली, लहान मुलांसाठी पाळणाघर. आणि ज्या कामाला पुरुषाला जो दर, त्या कामाला बाईला तोच. शेतातल्या रोजाचे बाईमाणसाचे आणि पुरुषाचे दर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या शेवटच्या कलमाचे वजन सांगायला नको.

पैसा कुठून आला, तेही सांगायला हवे. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर लावला. मुंबई-पुण्यातल्या पगारदाराच्या पगारपत्रकावर दरमहा कापली जाणारी ती रक्कम मुळात या योजनेसाठी सुरू झाली. शहरातल्या नोकरदाराने कोरडवाहू भागातल्या मजुराच्या कामाचा भार उचलायचा, हे त्या काळी विधिमंडळात सर्वांनी मिळून मान्य केले. यात शहराचा स्वार्थ नव्हता असे मी म्हणत नाही. गावात काम मिळाले तर मुंबईकडे येणारे लोंढे कमी होतील, ही अपेक्षा होतीच. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स या अभ्यासकांनी १९८३ मध्ये आणखी पुढे जाऊन म्हटले की या योजनेचा मोठा फायदा बागायतदारांना झाला: बांध, तलाव, रस्ते त्यांच्या जमिनीच्या कामी आले आणि मजूरही गावातच राहिला. टीका खरी होती. पण ज्या योजनेत सबळांचाही काही लाभ आहे ती टिकण्याची शक्यता जास्त असते, आणि ही टिकली.

आता संशोधनाकडे वळतो. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये ‘भारतातील दारिद्र्य’ या आपल्या प्रसिद्ध अभ्यासात गरिबांना कामाची हमी द्यावी असे मांडले होते. त्यावरचा पहिला आक्षेप व्यवहारी होता: गरीब कोण, हे ठरवणार कोण? दारिद्र्यरेषेच्या याद्यांमध्ये कोणाची नावे शिरतात आणि कोणाची वगळली जातात, हे आपण पुढच्या काळात पाहिलेच. हमीच्या कामाला यादी लागत नाही. एप्रिलच्या उन्हात टिकाव-घमेले घेऊन जो येतो त्याला गरज आहे, एवढे पुरे. सावकार येणार नाही, तलाठ्याचा भाऊ येणार नाही. माणसाने केलेली निवडच त्याची परिस्थिती सांगते. टिमोथी बेझ्ली आणि स्टीफन कोट यांनी १९९२ मध्ये हा युक्तिवाद गणिताच्या काटेकोर भाषेत मांडला, आणि आज जगभर सार्वजनिक अर्थकारणाच्या वर्गात तो शिकवला जातो.

युक्तिवाद बरोबर आहे, पण त्यात एक धोका दडलेला आहे. कष्ट हीच चाळणी असेल तर चाळणी घट्ट करण्याचा मोह होतो. काम आणखी दूर, सावली आणखी कमी, मजुरी आणखी उशिरा. मग गरज नसलेले गळतातच, पण सोबत म्हातारे, आजारी आणि गरोदर बायाही गळतात, आणि वरून अहवालात लिहिले जाते की मागणीच नव्हती. हाच तो टेंपलचा विचार. गणित बरोबर असले म्हणजे त्यातून निघणारे धोरण माणुसकीचे असतेच असे नाही, आणि हे सांगणे अर्थशास्त्रज्ञाच्या कामाच्या बाहेरचे आहे असे मी मानत नाही.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. हमीच्या कामावर माणसाला १०० रुपये मिळाले तर त्याचे उत्पन्न खरेच १०० रुपयांनी वाढले का? त्या दिवशी तो दुसरीकडे काही कमावणार असेल तर ते वजा करावे लागेल. इथे आपल्या दोन गावांनी जगाच्या ज्ञानात भर घातली आहे: सोलापूर जिल्ह्यातले शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातले कंझरा. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेने १९७५ पासून या गावांत मुक्कामी अन्वेषक ठेवून घराघरांतल्या रोजच्या कामाच्या, मजुरीच्या, रिकाम्या दिवसांच्या नोंदी केल्या. वर्षानुवर्षे तीच घरे, तेच प्रश्न. त्या नोंदींच्या आधारे गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हॅलियन यांनी १९९४ मध्ये हिशेब मांडला. हमीच्या मजुरीतून बुडालेल्या कमाईपोटी वजा करावी लागणारी रक्कम साधारण एक चतुर्थांश निघाली. म्हणजे चारातले तीन रुपये निव्वळ भर. कारण साधे होते: हमीवर गेलेले बरेचसे दिवस एरवी रिकामेच गेले असते. घरातला एकजण हमीवर गेला की बाकीच्यांनी आपली कामे आपसांत फिरवून घेतली, हेही त्या नोंदींत दिसते. असे ज्ञान महागडे असते, कारण त्यासाठी कोणाला तरी वर्षानुवर्षे गावात राहावे लागते. महाराष्ट्रातल्या किती विद्यापीठांनी गेल्या ३० वर्षांत असे एखादे गाव सांभाळले, याचा विचार आपण करावा.

पण हा हिशेबही कामावर गेलेल्यांचाच आहे. माझा मुख्य मुद्दा कामावर न गेलेल्यांबद्दल आहे.

गावात मजूर लावणारे जमीनदार पाच-सहा असतात आणि मजूर दीडशे. मजुराला दुसरीकडे जायचे तर एसटीचे भाडे, लहान मुले, घरात म्हातारी माणसे आणि अनोळखी ठिकाणी काम मिळेल की नाही याची धास्ती. अशा ठिकाणी दर मागणी-पुरवठ्याच्या रेषा छेदतात तिथे ठरत नाही; लावणारे ठरवतील तिथे ठरतो. अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्येच अशा बाजाराचे विश्लेषण केले होते. त्यातला लक्षात ठेवण्याजोगा निष्कर्ष असा की ज्या बाजारात लावणाऱ्यांचा वरचष्मा असतो तिथे मजुरी कमी असतेच, शिवाय रोजगारही कमी असतो. कारण आणखी एक मजूर लावायचा तर सगळ्यांचाच दर वाढवावा लागेल, म्हणून लावणारा थोडे काम पडून राहू देतो. अशा बाजारात बाहेरून मजुरीला तळ मिळाला तर मजुरी आणि रोजगार दोन्ही वाढू शकतात. बरीच वर्षे हे पुस्तकातले कुतूहल समजले गेले. १९९४ मध्ये डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी न्यू जर्सीतल्या फास्ट फूड दुकानांत किमान वेतन वाढूनही रोजगार घटला नाही असे दाखवले, तेव्हा मोठा वाद पेटला. कार्ड यांना २०२१ चे नोबेल मिळाले ते अशाच कामासाठी.

भारतातला पुरावा त्याहून बोलका आहे. २००५ मध्ये केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला. महाराष्ट्राची कल्पना देशभर गेली: २००६ मध्ये २०० जिल्हे, २००८ मध्ये संपूर्ण ग्रामीण भारत. क्लेमाँ आँबेर आणि जॉन पॅप यांनी या टप्प्याटप्प्याच्या विस्ताराचा उपयोग करून दाखवले की जिथे योजना आधी आली तिथे कोरड्या हंगामात खासगी कामावरचे रोजही वाढले. म्हणजे जी बाई हमीवर कधीच गेली नाही, तिलाही जास्त रोज मिळाला. तिची मजूर लावणाऱ्याशी बोलण्याची पट्टी बदलली होती.

त्याहून पुढचे काम आंध्र प्रदेशातले. तिथे मजुरी वेळेवर आणि गळती न होता मिळावी म्हणून बोटांचे ठसे घेणारी स्मार्टकार्डे आणली गेली. कोणत्या मंडलात, म्हणजे जिल्ह्याच्या कोणत्या उपविभागात, ती आधी आणायची हे सोडतीने ठरले. सुमारे १ कोटी ९० लाख लोकसंख्येची १५७ मंडले या प्रयोगात होती. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी परिणाम मोजले. योजना नीट चालल्यावर लाभार्थी कुटुंबांची कमाई १४ टक्क्यांनी वाढली, आणि त्या वाढीचा ८६ टक्के भाग हमीच्या मजुरीतून आलेला नव्हता. तो आला खासगी कामातून: रोज वाढला आणि कामाचे दिवसही वाढले. रॉबिन्सन यांनी कागदावर मांडलेली गोष्ट तेलुगू खेड्यांत खरी ठरली. योजनेवर टीका करणारे मातीच्या बांधांची उंची मोजत होते आणि समर्थक मस्टरवरचे दिवस मोजत होते. परिणामाचा मोठा भाग या दोन्ही मोजमापांच्या बाहेर घडत होता.

यातून कोणाचे तरी नुकसान होते, हे लपवून चालणार नाही. मजुरीचा रोज वाढला तर तो कोणीतरी देतो. बागायतदाराबद्दल मला फारशी काळजी वाटत नाही. पण दोन-तीन एकरांचा शेतकरी, ज्याचा कापूस वेचणीला आला आहे किंवा कांदा काढायचा आहे आणि घरात माणसे कमी आहेत, त्याला हा वाढीव रोज जड जातो. ‘हमीमुळे माणसं मिळत नाहीत’ ही त्याची तक्रार कांगावा नाही. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी चाकणच्या कांदा आंदोलनापासून सतत सांगितले की शेतमालाला भाव मिळाला तर मजुरीही वाढेल. मला यातला अर्धा भाग पटतो. शेतकऱ्याला भाव नाकारायचा, निर्यात बंद करायची, आयात उघडायची आणि मग मजूर महाग झाला म्हणून हमीला दोष द्यायचा, हा अन्याय आहे. पण भाव मिळाला की मजुरी आपोआप वाढेल यावर विसंबायला मी तयार नाही. ज्या बाजारात लावणाऱ्यांचा वरचष्मा आहे तिथे भावातली वाढ मजुरापर्यंत झिरपायला काहीतरी दाब लागतो, आणि हमी हा तो दाब आहे. छोट्या शेतकऱ्याच्या अडचणीचे उत्तर शेतमालाच्या धोरणात शोधले पाहिजे. मजुराच्या नाइलाजात नव्हे.

त्या नाइलाजाचे उघडेवाघडे रूप पाहायचे तर बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्यांकडे पाहावे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत हंगाम सोडता येत नाही. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांतला खाडा नको म्हणून बायांनी गर्भाशये काढून घेतल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. कागदावर यातली प्रत्येक गोष्ट निवड आहे. उचल तिने घेतली, सही तिने केली. अर्थशास्त्र इथे थांबले तर ते अर्धवट आहे. उचल घेतली त्या ऑगस्टमध्ये तिच्या गावात दुसरे कोणते काम उपलब्ध होते, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्या निवडीचा अर्थ लागत नाही. आणि त्याचे उत्तर पुष्कळदा असे असते की कागदावर हमी होती, गावात काम नव्हते.

इथे आपल्याच राज्याची अवघड गोष्ट येते. १९८८ मध्ये किमान वेतन वाढले आणि हमीवरची मजुरी जवळपास दुप्पट झाली. मजुरी वाढली तर कामावर येणारे वाढायला हवेत. ते घटले. रॅव्हॅलियन, दत्त आणि शुभम चौधुरी यांनी १९९३ मध्ये महिनेवार उपस्थितीच्या आकड्यांवरून याचा शोध घेतला. उत्तर असे की खर्च आवरण्यासाठी कामे हात राखून उघडली जाऊ लागली. हमी कायद्यात राहिली, पण कामाचे शिधावाटप सुरू झाले. कोणीही मजुराला ‘काम नाही’ असे लिहून दिले नाही. तसे लिहून देण्याची गरजच नसते. अर्ज घेतला जात नाही, घेतला तर त्यावर तारीख पडत नाही, तारीख नसली की १५ दिवसांची मुदत सुरू होत नाही, आणि भत्ता तर त्याच्याही पुढची पायरी.

पुढे २००९-१० च्या राष्ट्रीय नमुना पाहणीवरून पूजा दत्ता, रिंकू मुरगई, रॅव्हॅलियन आणि डॉमिनिक व्हान दे वाले यांनी हाच प्रश्न देशपातळीवर विचारला. काम हवे असलेल्या ग्रामीण कुटुंबांपैकी ४४ टक्क्यांना ते मिळालेच नव्हते. ज्या राज्याने ही कल्पना देशाला दिली, त्या महाराष्ट्रात काम मिळण्याचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीहूनही खूपच खाली होते. माझ्या मते आपल्या राज्याच्या अर्थकारणाच्या इतिहासात यापेक्षा खेदाची नोंद कमीच असेल.

अपुऱ्या कामाने होणारे नुकसान दिवसांच्या प्रमाणात होत नाही, त्याहून जास्त होते. मालकाच्या अंगणात उभ्या असलेल्या मजुराच्या बोलण्यात जोर येतो तो ‘उद्या मागितले तर काम मिळेल’ या खात्रीने. शंभर दिवसांऐवजी पन्नास दिवस काम निघाले पण ते मागेल तेव्हा नक्की निघत असेल, तर ती खात्री टिकते. शंभर दिवस निघाले पण कधी निघतील हे तहसील कचेरीच्या मर्जीवर असेल, तर मजुरी मिळते, पण मजुराचा नकार संपतो. आंध्रातल्या वाढीचा खासगी कामातून आलेला ८६ टक्के भाग, माझ्या मते, त्या खात्रीचा होता. म्हणून अंदाजपत्रकात योजनेला किती कोटी ठेवले यापेक्षा, मागणी आल्यावर काम उघडायला किती दिवस लागले, हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो.

केंद्राच्या २००५ च्या कायद्याची रचनाही इथे आडवी आली. त्यात मजुरी केंद्राने द्यायची होती आणि बेकारी भत्ता राज्याने. राज्याने उशीर केल्यावर भुर्दंड राज्यालाच बसावा, हा हेतू चांगला होता. प्रत्यक्षात ज्या यंत्रणेने भत्ता द्यायचा तीच अर्जाची नोंद ठेवणार होती. नोंद केली तर आपल्याच तिजोरीवर बोजा पडणार, हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. मजूर आपल्या परिस्थितीप्रमाणे निवड करतो, तशीच ग्रामपंचायतीतला कर्मचारी आणि मंत्रालयातला अधिकारीही करतो. धोरण आखताना फक्त गरिबाच्या वागण्याचा अभ्यास करायचा आणि कचेरीतल्या माणसाचे वागणे आदर्श धरायचे, ही चूक आपल्या संशोधनात वारंवार दिसते.

म्हणून तरुण संशोधकांना माझे एक सुचवणे आहे. मस्टरवरचे आकडे सहज मिळतात, त्यावर प्रबंध पुष्कळ झाले. आता मागणी अर्जांकडे वळा. एका तालुक्यातली काही गावे घ्या. जून ते ऑगस्टमध्ये, उचल वाटली जाण्याच्या दिवसांत, कोणी काम मागितले, अर्ज कोणी घेतला, पोच दिली का, पोचेवर तारीख होती का, काम किती दिवसांनी निघाले, आणि त्या घरातले जोडपे नंतर कोयत्यावर गेले की गावात राहिले, एवढेच लिहून ठेवा. इक्रिसॅटच्या अन्वेषकांनी शिरापुरात केले तसे, त्याच घरांत पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षीही पुन्हा जा. आणि ज्या ग्रामपंचायतीत तारखेसह पोच दिली जाते, तिथे पुढच्या हंगामात शेतातल्या रोजाचा दर काय निघतो, तो शेजारच्या गावाच्या दराशी ताडून पाहा.